कॉन्ट्रा नृत्याचा शुक्रवार ते रविवार: नवशिक्याने जावे का?

गवती चहा

नमस्कार मंडळी,

आम्ही मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात राहतो आणि गेल्या हिवाळ्यापासून मी ग्रीनफिल्ड गावातल्या गायडिंग स्टार ग्रेंज या जुन्या सभागृहात कॉन्ट्रा नृत्यासाठी जाते आहे. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. सभागृहाच्या लांबीच्या दिशेने समोरासमोर दोन रांगा धरतात, बँडच्या बाजूने सुरुवात करून दोन-दोन जोड्यांचे, म्हणजे चौघाचौघांचे गट पडतात, आणि कॉलर, म्हणजे नृत्य सांगणारी व्यक्ती, संगीत सुरू होण्याआधी सगळ्या आकृत्या, म्हणजे नृत्यातल्या ठरलेल्या हालचाली, चालवून घेते. मग बँड वाजू लागतो. एक आवर्तन संपले की प्रत्येक जोडी रांगेत एक जागा सरकते, कोणी बँडच्या दिशेने तर कोणी उलट दिशेने, आणि तिच्यासमोर नवी जोडी येते. अशा रीतीने आठ-दहा मिनिटांत रांगेतल्या बऱ्याच जणांशी आपण नाचून झालेलो असतो. पुढच्या नृत्याला जोडीदार बदलायचा असा रिवाज असल्यामुळे एकट्याने जाणाऱ्याचेही कुठे अडत नाही. ताल धरून चालता येणे आणि डावे-उजवे कळणे एवढ्यावर पहिल्याच संध्याकाळी नाचता येते, ही गोष्ट मला फार आवडली.

माझ्या ओळखीच्या एका बाईंनी आता मला त्यांच्यासोबत एका वीकेंडला येण्याचा आग्रह केला आहे. शुक्रवारी संध्याकाळी सुरुवात, रविवारी दुपारी समाप्ती, दोन बँड, दोन कॉलर, तळ्याकाठच्या शिबिरात लाकडी खोल्यांत राहणे आणि जेवण तिथेच, असा बेत आहे. मन ओढ घेते आहे, पण काही शंका आहेत आणि त्या ज्यांनी असे वीकेंड केले आहेत त्यांच्याकडूनच दूर होतील असे वाटते.

पहिली शंका शरीराची आहे. आमच्या सभागृहात तीन तासांचा कार्यक्रम असतो आणि तेवढ्यातही मी मधली दोन-तीन नृत्ये बसून काढते. स्विंगमध्ये, म्हणजे जोडीदारासोबत जागच्या जागी वेगाने फिरताना, मला अजूनही गरगरते. अडीच दिवस हे कसे निभावणार? दुसरी शंका अशी की तिथे येणारे लोक वर्षानुवर्षे नाचणारे असतील आणि माझ्यामुळे त्यांच्या रांगेचा विचका होईल. तिसरी शंका खर्चाची आहे. प्रवेश, राहणे आणि जेवण मिळून रक्कम बरीच होते, आणि गावातल्या सभागृहात तेच नृत्य थोडक्या पैशांत मिळत असताना वीकेंडला असे वेगळे काय मिळते, हे मला घरच्यांनाही नीट सांगता आलेले नाही. शिवाय माझ्या सासूबाई सांगलीहून काही महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या आहेत. त्यांना वाद्यसंगीताचा मनापासून शौक आहे, पण गुडघे साथ देत नाहीत. त्यांना सोबत नेले तर त्या नुसत्या बसून कंटाळतील का?

सविस्तर उत्तरे मिळाली तर आभारी राहीन.

उंबरठा

गवती चहा, तुम्ही जरूर जा. मी मेरीलँडमध्ये राहतो आणि ग्लेन एको पार्कमधल्या स्पॅनिश बॉलरूममध्ये नाचतो. १९३३ साली बांधलेले ते सभागृह मोठे आहे आणि तिथे लांबच लांब रांगा लागतात. इथले बरेच जण वर्षातून एक-दोन वीकेंड करतातच, मीही करतो.

आधी गरगरण्याबद्दल सांगतो, कारण त्याचा उपाय हातात आहे. स्विंग करताना दोघांची उजवी पावले मध्यबिंदूजवळ, एकमेकांच्या शेजारी असतात आणि डाव्या पायाने जमीन मागे रेटत फिरायचे असते. पुष्कळ नवे लोक उड्या मारत किंवा दोन्ही पायांनी धावत फिरतात, त्यामुळे डोके वर-खाली हलते आणि चक्कर लवकर येते. डोके एका पातळीत राहिले पाहिजे. नजर भिंतीवर किंवा जमिनीवर न ठेवता जोडीदाराच्या चेहऱ्यावर ठेवावी, कारण फिरत्या दृश्यात तेवढीच एक गोष्ट स्थिर असते. डोळ्यांत डोळे घालून पाहणे अवघड वाटत असेल तर कानाकडे किंवा खांद्याकडे पाहिले तरी चालते. तिसरी गोष्ट भाराची. फुगडी घालताना आपण हात ताणून मागे झुकतो आणि समोरची आपल्याला तोलून धरते, नेमका तोच तोल इथे हवा असतो, फक्त हाताची पकड वेगळी असते. एकीने अंग सैल सोडले किंवा दुसऱ्याने सगळा भार तिच्यावर टाकला की फिरणे जड होते आणि पाठ दुखते. तुम्ही लहानपणी फुगडी घातली असेल तर तुमच्या शरीराला हे आधीच ठाऊक आहे. आणि इतके करूनही त्रास झाला तर जोडीदाराला सरळ "सावकाश" म्हणा. तो वेग कमी करील किंवा स्विंग सोडून दोन्ही हात धरून नुसते गोल चालेल, आणि यात कोणालाही गैर वाटत नाही.

दमण्याचे म्हणाल तर वीकेंडचे सगळे कार्यक्रम करायचेच असे बंधन कोणावरच नसते आणि मुरलेले लोकही ते करत नाहीत. शुक्रवारी रात्री तीन-साडेतीन तास नाच असतो. शनिवारी सकाळी बहुधा एखादी कार्यशाळा असते, वॉल्ट्झची, म्हणजे तीन मात्रांच्या तालावरच्या जोडीच्या नृत्याची, किंवा एखाद्या अवघड आकृतीची, त्यानंतर दुपारपर्यंत एक सत्र, जेवणानंतर आणखी एक, आणि रात्री मुख्य कार्यक्रम. रविवारी सकाळ ते दुपार शेवटची फेरी. माझा सल्ला असा की शनिवारी दुपारचे सत्र निम्मे सोडावे, तळ्यावर जावे किंवा सरळ झोपावे, आणि शनिवारच्या रात्रीसाठी पाय राखून ठेवावेत. बँड, कॉलर आणि नाचणारे हे तिन्ही त्या रात्री सर्वांत रंगात असतात, आणि नेमके तेव्हा पायांत गोळे येऊन बाकावर बसून राहणे जिवावर येते. सामानात मऊ तळव्यांचे, बाहेर न वापरलेले बूट ठेवा आणि शक्य असेल तर दोन जोड न्या. दिवसाला तीन-चार सदरे लागतात हे गृहीत धरा. पाणी पीत राहा आणि थोडे मीठ-साखर त्यात असू द्या.

तुमची दुसरी शंका मात्र मला उलट बाजूने खरी वाटते. अनुभवी लोकांच्या रांगेत नवशिक्याचे सोपे जाते. तुम्ही चुकलात तर समोरून योग्य हात पुढे येतो, कोणीतरी डोळ्यांनी दिशा दाखवते आणि पुढच्या आठ मात्रांत तुम्ही जागेवर येता. विचका होतो तो दोन नवखे लोक एकमेकांचे जोडीदार झाले तर, म्हणून सुरुवातीच्या काही नृत्यांना अनुभवी माणसाला विचारा. रांगेच्या टोकाला उभ्या राहू नका, मध्ये उभ्या राहा. टोकावर पोहोचलेल्या जोडीला एक आवर्तन थांबून, आपसात जागा बदलून पुन्हा आत शिरावे लागते, आणि नव्या माणसाचा गोंधळ बहुतेक वेळा तिथेच होतो.

काळी चार

वर उंबरठा यांनी नाचणाऱ्याच्या बाजूने उत्तम लिहिले आहे. वीकेंडला वेगळे काय मिळते, या प्रश्नाचे उत्तर मी वाजवणाऱ्याच्या बाजूने देतो, कारण माझ्या मते ते संगीतातच आहे. पुण्यात असताना मी हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन शिकलो आणि इथे आल्यावर न्यू हॅम्पशायरमधल्या गावच्या नृत्यांना, जिथे बँडच्या मागे बसून कोणालाही वाजवू देतात, तिथे फिडल, म्हणजे लोकसंगीताच्या पद्धतीने वाजवायचे व्हायोलिन, धरू लागलो.

या नृत्याची सगळी बांधणी चौसष्ट मात्रांची असते. धून दोन भागांची असते आणि प्रत्येक भाग दोनदा वाजतो, म्हणजे सोळा मात्रांचे चार तुकडे होतात. आकृत्या आठ किंवा सोळा मात्रांच्या असतात आणि त्या तुकड्यांवर नेमक्या बसवलेल्या असतात. लय मिनिटाला साधारण ११० ते १२० पावलांची असते, त्यामुळे एक आवर्तन अर्ध्या मिनिटाहून थोडे जास्त चालते आणि एका नृत्यात सोळा-अठरा आवर्तने सहज होतात. तेवढा वेळ एकच धून वाजवली तर वाजवणारा आणि नाचणारा दोघेही कंटाळतील, म्हणून बँड दोन-तीन धुनांची माळ गुंफतो. स्कॉटलंड, आयर्लंड, क्वेबेक आणि न्यू इंग्लंड या सगळ्या परंपरांतल्या धुना त्यात येतात, आणि हल्लीच्या बँडांनी स्वतः रचलेल्याही पुष्कळ असतात.

आता जिवंत बँड का हवा ते सांगतो. कॉलर नृत्य ठरवून त्याचा कागद बँडपुढे धरतो. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला बॅलन्स असेल, म्हणजे हात धरून चार मात्रांत पुढे-मागे पावले टाकायची असतील, तर फिडलवाला अशी धून निवडतो की जिच्यात नेमक्या त्या जागी ठसका आहे. आकृत्या सलग वाहत्या असतील, जसे चौघांनी एकमेकांच्या खांद्याला खांदा देत आठाच्या आकड्यात गुंफत जायचे, तर गुळगुळीत, न तुटणारी धून काढतो. कॉलरने मान हलवली की फिडलवर चार मात्रांचा एक खडखडीत ठेका वाजतो, त्याला वादक मंडळी "फोर पोटॅटोज" म्हणतात, आणि त्यावरून लय सगळ्यांच्या पायांत उतरते. पुढे चार-पाच आवर्तने झाली की कॉलरचे बोलणे कमी होत जाते, कारण नाचणाऱ्यांना आकृत्या पाठ झालेल्या असतात, आणि मग सभागृहात फक्त वाद्ये आणि पावले ऐकू येतात. इथून पुढे बँड आणि जमीन यांचा संवाद सुरू होतो. पियानो मध्येच थांबतो, एकटे फिडल राहते आणि शंभर-दीडशे जोडे लाकडी जमिनीवर एका वेळी पडताना ऐकू येतात. तशी दोन आवर्तने गेली की पियानोवाला खर्जातून चढत येतो, फिडलवाला नजरेने किंवा पाय उचलून इशारा करतो आणि नव्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर धून व स्वर दोन्ही बदलतात. त्या क्षणी सभागृहातून जी आरोळी उठते ती ठरवून कोणी देत नाही. ध्वनिमुद्रित संगीतावर हे होणे शक्य नाही, कारण त्याला नाचणारे दिसत नाहीत. काही तरुण मंडळी इलेक्ट्रॉनिक संगीतावर, दिवे मालवून कॉन्ट्रा नाचतात आणि त्यांचा उत्साह मला आवडतो, तरी माझा कौल जिवंत वादनालाच राहील.

गावच्या एका संध्याकाळी बँडला नाचणाऱ्यांची ओळख होईपर्यंत शेवटचा वॉल्ट्झ येतो. वीकेंडला तोच बँड त्याच लोकांसाठी पुन्हा पुन्हा वाजवतो. शनिवारी रात्रीपर्यंत वादकांना कळलेले असते की ही मंडळी कितपत वेग पेलतात, कुठल्या ठसक्याला दाद देतात आणि किती दमली आहेत. नाचणाऱ्यांनाही बँडच्या सवयी कळतात आणि धून बदलण्याआधीच्या दोन मात्रांत त्यांना तिची चाहूल लागते. दोन बँड असले की आणखी बहार येते, कारण एक मंडळी फिडल-पियानोची जुनी न्यू इंग्लंडची पद्धत चालवणारी असते, तर दुसरीत अकॉर्डियन किंवा बासरी, गिटार आणि क्वेबेकच्या पद्धतीने बसल्या जागी पायांनी धरलेला ठेका असतो. रविवारी दुपारी पुष्कळदा दोन्ही बँड एकत्र वाजवतात. तुमच्या घरच्यांना पैशांचा हिशेब द्यायचा असेल तर एवढे जरूर सांगा की तिथे अडीच दिवस उत्तम वादकांपासून पंधरा फुटांवर राहायला मिळते.

गवती चहा

उंबरठा आणि काळी चार, दोघांचेही मनापासून आभार. फोर पोटॅटोजचा तो ठेका मी दर वेळी ऐकत होते, पण तो कशासाठी असतो ते आज कळले.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. नाचायला विचारणाऱ्या माणसाला नाही म्हणायचे असेल तर काय रीत आहे? आमच्या गावी सगळे ओळखीचे झाल्यामुळे हा प्रश्न येत नाही, पण तिथे शे-दोनशे अनोळखी लोक असतील. आणि कपड्यांचे काय करावे? इथे मी नेहमी सलवार-कमीज घालते.

पाचवा मैल

मी व्हरमाँटमध्ये राहते आणि गेली काही वर्षे एका ज्येष्ठ कॉलरच्या हाताखाली नृत्य सांगायला शिकते आहे. उंबरठा यांचे बरेचसे म्हणणे मला पटते, तरी "जरूर जा" या सल्ल्याला मी एक अट घालीन. सगळे वीकेंड सारखे नसतात. काही घोषणांमध्येच लिहिलेले असते की कार्यक्रम अनुभवी नर्तकांसाठी आहे, आकृत्या चालवून घेणे थोडक्यात उरकले जाईल किंवा होणारच नाही. अशा ठिकाणी रांग तुम्हाला सांभाळून घेईल हे खरे असले, तरी तुम्हाला सतत सांभाळून घेतले जात आहे ही जाणीव तुमचा आनंद कमी करील. ज्या घोषणेत "सर्वांचे स्वागत" असे म्हटले आहे आणि शुक्रवारी सुरुवातीला नव्यांसाठी अर्ध्या तासाचा वर्ग आहे, तो वीकेंड पहिल्यांदा निवडा. तुमच्या ओळखीच्या बाईंना एवढे एक विचारून घ्या. ब्रॅटलबरोला रात्रभर चालून पहाटे संपणारा जो डॉन डान्स होतो, तो मोहात पाडतो खरा, पण पहिल्या वर्षी नको. फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्यातल्या सॅरटोगा स्प्रिंग्जला भरणारा फ्लरी महोत्सव मात्र नवशिक्याला चांगला, कारण तिथे अनेक सभागृहांत वेगवेगळ्या प्रकारची नृत्ये एकाच वेळी चालू असतात आणि दमल्यावर नुसते गाणे-बजावणे ऐकायलाही जाता येते.

नाही म्हणण्याबद्दल. कोणीही कोणालाही विचारू शकते, बाईने बाईला, पुरुषाने पुरुषाला, विशीतल्या मुलाने सत्तरीच्या आजींना. आणि ज्याला विचारले त्याने "नको, आभारी आहे" एवढेच म्हणायचे असते, कारण देण्याची गरज नसते. नृत्य चालू असताना कोणाचा स्पर्श खटकला, कोणी न विचारता गिरक्या द्यायला लागले किंवा हात पिरगळला, तर तिथल्या तिथे सांगा. तेवढ्याने भागले नाही तर आयोजकांकडे जा. हल्ली बहुतेक वीकेंडना वर्तणुकीचे नियम लिहून लावलेले असतात आणि तक्रार ऐकायला नेमलेली माणसे असतात, त्यांची नावे शुक्रवारीच वाचून ठेवावीत. भूमिकांची नावेही बदलली आहेत. पूर्वी कॉलर "जेंट्स" आणि "लेडीज" म्हणत, आता पुष्कळ ठिकाणी डाव्या बाजूच्याला लार्क आणि उजव्या बाजूच्याला रॉबिन म्हणतात, आणि कोणती भूमिका नाचायची ते ज्याचे त्याने ठरवायचे असते. तुम्ही आजवर फक्त उजवी बाजू नाचला असाल तर वीकेंडला डावी बाजूही नाचून बघा. आकृत्या दोन्ही बाजूंनी समजल्या की चुका झपाट्याने कमी होतात.

काळी चार यांनी संगीताबद्दल लिहिलेले वाचून मला कॉलरच्या बाजूचेही थोडे सांगावेसे वाटते. वीकेंडचा कॉलर आधीच सगळ्या सत्रांची आखणी करून येतो, पण ती पत्त्यांच्या स्वरूपात असते. हातातल्या चिठ्ठ्यांवर एकेक नृत्य लिहिलेले असते आणि जमिनीवरची अवस्था बघून तो चिठ्ठ्या मागेपुढे करतो. सलग दोन नृत्यांत तीच आकृती ठळक येऊ नये, जोराच्या नृत्यानंतर वाहते नृत्य यावे, नवी आकृती शिकवली तर पुढच्या नृत्यात तिचा पुन्हा उपयोग व्हावा, असे पुष्कळ हिशेब त्यामागे असतात. शब्द उच्चारायची वेळही ठरलेली असते. आकृती सुरू होण्याआधीच्या शेवटच्या दोन-चार मात्रांत तिचे नाव पूर्ण बोलून व्हायला हवे, म्हणजे पहिल्या मात्रेला पाऊल आपोआप पडते. त्याआधी बोलले तर लोक घाई करतात आणि नंतर बोलले तर अडखळतात. शेवट जवळ आला की कॉलर बँडला बोटे दाखवून किती आवर्तने उरली ते कळवतो. तुम्ही रांगेच्या वरच्या टोकाला थांबलेल्या असाल तेव्हा हे जरूर पाहा.

हे सगळे आयते आपल्यापर्यंत आलेले नाही. इंग्लंडमधली रांगांची नृत्ये जॉन प्लेफर्डने १६५१ साली छापली, वसाहतींबरोबर ती अमेरिकेत आली, एकोणिसाव्या शतकात शहरांनी क्वाड्रिल, म्हणजे चार जोड्यांनी चौकोनात नाचायचे नृत्य, आणि वॉल्ट्झ धरले, आणि रांगांची नृत्ये न्यू हॅम्पशायर-व्हरमाँटच्या खेड्यांत टिकून राहिली. रॅल्फ पेज (१९०३–१९८५) यांनी ती आयुष्यभर सांगितली, आणि १९४९पासून अनेक दशके नॉर्दर्न जंकेट नावाचे मासिक चालवून धुना, नृत्ये आणि गावोगावच्या आठवणीही जपल्या. साठच्या दशकात न्यू हॅम्पशायरमधल्या कँटरबरीच्या डडली लॉफमन यांनी तरुणांना या नृत्याकडे ओढले. २००९ साली त्यांना लोककलांसाठीची राष्ट्रीय हेरिटेज फेलोशिप मिळाली. जुन्या पुष्कळ नृत्यांत दोनपैकी एकच जोडी बहुतेक वेळ नाचे आणि दुसरी उभी राही. टेड सनेला (१९२८–१९९५) आणि त्यांच्या नंतरच्या रचनाकारांनी चौघेही सतत नाचत राहतील अशी नृत्ये रचली, आणि आज वीकेंडला जी नाचली जातात ती बहुतेक याच घडणीची असतात. असे असले तरी एखाद्या सत्रात मनी मस्कसारखे जुने नृत्य लागले तर सोडू नका. त्याचे आवर्तन चौसष्टऐवजी अठ्ठेचाळीस मात्रांचे असते, आकृत्या घाईने येतात आणि जुन्या मंडळींचे डोळे ते लागले की चमकतात. त्या वेळी मात्र अनुभवी जोडीदाराचाच हात धरा.

उंबरठा

पाचवा मैल यांची अट मला मान्य आहे. घोषणा वाचूनच नाव नोंदवावे.

कपड्यांबद्दल सांगतो. सलवार-कमीज उत्तम, फक्त ओढणी खोलीवर ठेवावी, कारण ती शेजारच्याच्या हातात अडकते. कमीज सुती आणि फार लांब नसलेली बरी. घेरदार झगा फिरताना छान फुलतो, त्यामुळे पुष्कळ पुरुषही घेरदार झगे घालून येतात, त्याचे नवल वाटू देऊ नका. काचेच्या बांगड्या मात्र काढूनच ठेवा. मनगटे किंवा तळहात धरून फिरण्याच्या आकृत्यांत बांगडी फुटली तर तुमच्या हाताला लागते, समोरच्याच्याही लागते, आणि जमिनीवरचे तुकडे वेचेपर्यंत नृत्य थांबते. टोकदार खड्याची अंगठी नको. लांब मंगळसूत्र किंवा माळ असेल तर ती कमीजच्या आत घ्या, कारण माझ्या डोळ्यांदेखत एका बाईंची माळ जोडीदाराच्या सदऱ्याच्या गुंडीत अडकून तुटली होती. अत्तर, सुगंधी तेल आणि वासाची पावडर टाळा. बंद सभागृहात इतक्या लोकांना घाम येत असताना अनेकांना अशा वासांचा त्रास होतो, आणि म्हणून आयोजक तशी स्पष्ट विनंती करतात.

जेवणाची तुम्ही चिंता करू नका. नाव नोंदवताना शाकाहारी असे लिहिले की वेगळी सोय होते, आणि या मंडळींत शाकाहारी लोक भरपूर असतात. कोविडनंतर काही वीकेंड अजूनही मुखपट्टी लावायला किंवा येण्याआधी चाचणी करायला सांगतात, तेही घोषणेत पाहून घ्या.

जास्वंद

सासूबाईंबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून मी लिहिते. माझी आई इकडे आली होती तेव्हा मी तिला अशाच एका वीकेंडला नेले होते आणि तिचेही गुडघे दुखरे आहेत.

नुसते ऐकायला येणाऱ्याला कोणी उठवत नाही. सभागृहाच्या भिंतीलगत बाक किंवा खुर्च्या असतात, पण तुम्ही बँडच्या बाजूची, पियानोजवळची जागा धरा. तिथे ध्वनिक्षेपकाच्या समोर येत नाही, त्यामुळे आवाज सोसवतो, आणि वादकांचे हात स्पष्ट दिसतात. आईला शास्त्रीय संगीताचा कान असल्यामुळे धून कुठे बदलणार हे ती दुसऱ्या दिवसापासून अचूक ओळखू लागली आणि फिडल वाजवणाऱ्या बाईंशी हातवारे करून तिची गट्टी जमली. दोन नृत्यांच्या मध्ये वादक जागेवरच असतात. त्यांच्याशी बोलायला गेले तर ते आनंदाने बोलतात. मध्यंतराआधी आणि शेवटी वॉल्ट्झ असतो, तो संथ असतो, आणि एखाद्या समजूतदार माणसाने हात धरून जागच्या जागी डोलवले तरी पुरते. आईने तो केला. काही वीकेंडना शनिवारी दुपारी इंग्लिश कंट्री डान्सचे सत्र ठेवतात. तो याच कुळातला, पण चालीचा प्रकार आहे, त्यात हा वेगवान स्विंग नसतो, आणि ज्यांना थोडे चालवते त्यांना तो झेपतो. सासूबाईंना तो जमेल की नाही हे त्यांच्या गुडघ्यांवर आहे, म्हणून आग्रह नको.

दोन गोष्टींची मात्र तजवीज करा. शिबिरातल्या खोल्या सभागृहापासून लांब आणि वाटेत चढ असू शकतो, शिवाय झोपण्याची जागा कधीकधी वर-खाली अशा दुमजली खाटांची असते. आयोजकांना आधीच पत्र लिहून जवळची खोली आणि खालची खाट मागून घ्या. तळ्याकाठी रात्री थंडी पडते आणि सभागृहाची दारे-खिडक्या नाचणाऱ्यांसाठी सताड उघडी ठेवतात, त्यामुळे बसणाऱ्याला वारा लागतो. शाल आणि पायमोजे हाताशी असू द्या. ऐकायला येणाऱ्यांसाठी प्रवेशाची रक्कम कमी करतात का तेही त्याच पत्रात विचारा. आमच्या वेळी त्यांनी आईकडून फक्त जेवणाचे पैसे घेतले होते. नोंदणी उघडल्यावर जवळच्या खोल्या पहिल्या संपतात, तेव्हा पत्र याच आठवड्यात पाठवा.